अध्यक्षांवर अविश्वास

बिंदुमाधवांनी दोन्ही खुर्च्या मागे सरकवल्या, टीपॉयपासूनचं अंतर टेपनं मोजलं आणि डावीकडची खुर्ची बोटभर पुढे ओढली. मग एका खुर्चीवर उशी आहे आणि दुसरीवर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ती उशी त्यांनी आतल्या खोलीत नेऊन टाकली.

“एकाला मऊ बसवलं असं कोणी म्हणायला नको,” ते म्हणाले.

सकवारबाई दारातून पाहत होत्या. त्यांचे दोन भाऊ आठ-नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्या विठोजींच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत धाकट्या नरसिंहरावांचं नाव राहून गेलं. छापखान्याची चूक, असं थोरले म्हणाले. वाचून बघायला डोळे नव्हते का, असं धाकटे म्हणाले, आणि लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून राईचा पर्वत झाला तो झालाच. आता सकवारबाईंच्या एकुलत्या एका लेकीचं, चंदनाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि दोन्ही मामांकडून निरोप मात्र एकच आला होता: तो येणार असेल तर मी नाही.

नवरीला मांडवात मामा आणतो, आणि सकवारबाईंना दोन्ही बाजूंना एकेक मामा हवा होता. त्यापायी त्या पोळ्या लाटता लाटता रडायच्या. बिंदुमाधवांनी ते पाहिलं होतं. बायकोचं रडणं त्यांना अजिबात सहन होत नसे, म्हणून ही बैठक.

तसे बिंदुमाधव बैठकांत मुरलेले. निवृत्त झाल्यापासून जे. पी. नगरातल्या त्यांच्या सोसायटीची एकही सभा त्यांच्या हरकतीशिवाय पार पडली नव्हती. लोक त्यांना मान देत, आणि ते लिफ्टमध्ये दिसले की जिन्यानं जात. इथं अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा येलहंक्याच्या विठोजींनी आपले व्याही सुचवले, तर सर्जापूर रोडच्या नरसिंहरावांनी आपले वकील मित्र. दोन्ही नावं तिथल्या तिथं बाद झाली. शेवटी सकवारबाईच नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्हीच बसा. तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?” जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून भावांनीही मान हलवली. बिंदुमाधव त्या दिवसापासून घरात जरा ताठ चालू लागले होते.

भाऊ पाठोपाठ आले आणि दोन भिंतींकडे बघत बसले.

“सभा सुरू झाली,” बिंदुमाधव म्हणाले. “नियम पहिला. एकमेकांशी थेट बोलायचं नाही. जे असेल ते अध्यक्षांना सांगायचं.”

“सरी, ठीक आहे,” विठोजी म्हणाले. तो नियम दोघांनाही सोयीचा होता.

“नियम दुसरा. आधी कोण बोलणार? वयानुसार घेतलं तर…”

“वयाचंच तर दुखणं आहे, दाजी,” नरसिंहराव म्हणाले.

“मग अक्षरांनुसार. आधी न, मग व.”

“म्हणजे थोरला असून मी मागून?” विठोजींनी विचारलं.

“मग नाणं उडवू.”

“कोणाचं नाणं?” दोघांनी एकदम विचारलं.

बिंदुमाधव खुलले. असल्या प्रश्नासाठीच देवानं त्यांना जन्माला घातलं होतं. ज्याचं नाणं त्यानं उडवायचं नाही, उडवेल त्यानं झेलायचं नाही, जमिनीवर पडलं तर कोणीही हात लावायचा नाही आणि सोफ्याखाली गेलं तर सभा तहकूब, असं त्यांनी सविस्तर समजावून सांगितलं. ते नाण्याच्या आकाराकडे वळत होते, तेवढ्यात सकवारबाई कॉफी घेऊन आल्या.

“थांब,” अध्यक्षांनी हात वर केला. “नियम मंजूर झाल्याशिवाय अल्पोपाहार नाही.”

“कॉफी आहे ती, दाजी. गार होईल,” नरसिंहराव म्हणाले.

“कॉफी अल्पोपाहारातच मोडते.”

विठोजी सकाळीच निघून अख्खं शहर ओलांडून आले होते. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि मग कितीतरी वर्षांनी धाकट्या भावाकडे पाहिलं.

“नरसू, हे नेहमी असेच असतात काय रे?”

“नेहमी, अण्णा. मागच्या गणपतीत आरतीला उभं राहायचा क्रम लावला होता यांनी. उंचीनुसार!”

“मग तू कुठं होतास?”

“मी? पोरांच्यात.”

विठोजींना हसू आवरेना. “अरे, यांच्या लग्नात आठवतं का? अंतरपाट तिरका आहे म्हणून स्वतःच वाकून बघत होते. मुहूर्त टळायची पाळी आली होती.”

“आणि भटजी म्हणाले, नवरदेव, स्वल्प सरळ उभे राहा हो!”

“नियम पहिला!” अध्यक्ष कडाडले. “हे थेट संभाषण आहे. मी ते कामकाजातून काढून टाकतो.”

“काढा,” विठोजी डोळे पुसत म्हणाले. “मी ठराव मांडतो. या अध्यक्षांवर आमचा विश्वास नाही.”

“माझं अनुमोदन, अण्णा.”

बिंदुमाधवांना हे लागलं. चांगलंच लागलं. इतके दिवस खपून सगळं जमवलं, त्याचं हे फळ. सांभाळा म्हणावं तुमची सभा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धे उठले, आणि त्यांची नजर बायकोकडे गेली.

सकवारबाई ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. घाबरायला हवं होतं, पण त्या घाबरल्या नव्हत्या. ओठ घट्ट दाबून त्या हसू अडवत होत्या आणि डोळे मात्र भरून आले होते. आपल्यालाच का बसवलं, हे बिंदुमाधवांना तेव्हा कळलं. कळल्यावर थोडं वाईट वाटलं, आणि मग त्या भरल्या डोळ्यांकडे बघता बघता तेही वाटेनासं झालं.

ते हळूच खाली बसले आणि चेहरा जमेल तितका आंबट केला.

“तोंडी ठराव चालणार नाही. लेखी हवा. एकाच कागदावर, दोघांनी मिळून लिहिलेला. नाहीतर लग्न पार पडेपर्यंत मीच अध्यक्ष. मांडवातसुद्धा.”

“मांडवात?” विठोजी दचकले. “नरसू, कागद घे आधी.”

नरसिंहराव लिहायला बसले. विठोजी त्यांच्या खांद्यावरून वाकून सांगू लागले, “लिही, ‘आम्ही, चंदनाचे दोघे मामा…’”

“हरकत आहे,” अध्यक्ष म्हणाले. “‘दोघे’ कशाला? नुसतं ‘मामा’ पुरे. तो शब्द खोडा.”

“नाही खोडणार!” दोघे एकदम ओरडले. नरसिंहरावांनी त्या शब्दाखाली ठसठशीत रेघ मारली, आणि विठोजींनी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेऊन त्याखाली दुसरी.