तिसऱ्या वळणावरचा गचका

मी गचका बोलतोय. दचकू नका. दचकवणं हेच माझं काम असलं, तरी आज मी नुसता बोलणार आहे. आत्मवृत्त सांगायला जरा उंची असावी लागते म्हणतात. माझी जेमतेम वीतभर. तेव्हा कंटाळा आला तर मला ओलांडून पुढे जा, मला सवय आहे.

दिल्लीहून पानिपतकडे जाताना, हायवेपासून थोडं आत, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे. विमानं गेल्यावर शेजारच्या शेतकऱ्याने तिच्याखालून पाण्याचा पाइप नेला आणि वर घाईघाईत डांबर थापलं. आजूबाजूची माती बसली, मी तेवढा वर राहिलो. म्हणजे मी मुळात एक चूकच. हे आपणच आधी सांगून टाकलेलं बरं.

पण काय दिवस होते ते! सत्तरच्या दशकात, थंडीतल्या रविवारी तिथे मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तेलाची पिंपं आणि गवताचे भारे मांडून वळणं आखायचे. मी तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून सुधाकर नावाचा एक मराठी तरुण मित्राची फियाट घेऊन यायचा. बाकीचे मला पाहून ब्रेक दाबायचे. हा पठ्ठ्या ॲक्सिलरेटरवरून पायच उचलायचा नाही. धाडकन! चारही चाकं हवेत, माझ्या पाठीवर नुसती गाडीची सावली!

"गचकाऽऽ!" तो आतून ओरडायचा. माझं बारसं त्यानेच केलं.

पुढे शर्यती बंद पडल्या. कडेला गोदामं उभी राहिली. पानिपतच्या चादरी आणि टॉवेल भरलेले टेम्पो माझ्यावरून जाऊ लागले. "अबे, कमर तोड़ दी!" एवढंच काय ते कानावर यायचं. मला वाईट वाटायचं, पण मुद्दाम नव्हतो हो मी करत.

मग एका सकाळी रसिका आली. सुधाकरची सून. गुरुग्रामच्या एका कंपनीत ती गाड्या चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी ट्रॅक तयार करते. जगातले जुने, हरवलेले ट्रॅक ही मंडळी पुन्हा उभे करतात, अगदी डांबराच्या भेगांसकट, म्हणजे घरबसल्या कुणालाही त्यांवर गाडी पळवता येते. सासऱ्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून तिनेच आमच्या धावपट्टीचं नाव ऑफिसात सुचवलं होतं. तिपाईवरच्या यंत्रातून लेझरचा किरण माझ्या अंगावरून फिरला आणि मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मी! परदेशातल्या नामांकित ट्रॅकच्या पंगतीला!

पण रसिका पडली काळजीवाली बाई. सलोनी, तिची चार वर्षांची मुलगी, पडेल म्हणून घरातल्या टीपॉयच्या चारही कोपऱ्यांना तिने रबराच्या टोप्या घातल्यात. कॉम्प्युटरवर सपाट पट्टीच्या मधोमध मी टेंगळासारखा दिसलो. "हे काय मध्येच? मशीन हललं वाटतं," ती पुटपुटली. ज्या हाताने टोप्या घातल्या, त्याच हाताने तिने मला गुळगुळीत केलं. गेलो मी.

रविवारी दुपारी त्यांच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाला गेमचं स्टीअरिंग जोडलं गेलं, खाली पायाशी पेडलं. समोर सुधाकर. आता केस पांढरे. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केल्यापासून जरा गप्पच झालेले. शेजारी त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई मटार सोलत होत्या.

"चला, आज एकदाचं कळेल," त्या म्हणाल्या, "फियाट खरंच उडायची, का नुसत्याच बाता!"

"तू बघच. तिसऱ्या वळणावर बघ."

तिसरं वळण आलं. सुधाकरांनी पाय दाबून धरला. आणि काहीच नाही. गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. त्यांनी पुन्हा फेरी मारली. पुन्हा काहीच नाही.

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढले. "नसेलच गं. इतकी वर्षं सांगतोय, म्हणून मलाच खरं वाटायला लागलं असेल. हल्ली नावंही आठवत नाहीत मला."

सुनेत्राबाईंचा हात थांबला. असं जिंकायचं नव्हतं त्यांना.

"बाबा, थांबा," रसिका कासावीस होऊन म्हणाली. "मीच काहीतरी केलं असणार. घोळ नेहमी माझाच असतो." तिने लेझरचं मूळ मोजमाप उघडलं, साफसफाई करायच्या आधीचं. आणि तिथे मी होतो! आख्खाच्या आख्खा!

"अय्या! बाबा, हे बघा! मी हा कचरा समजून पुसला!"

"कचरा?" सुधाकर खुर्चीतून उठलेच. "अगं, हाच तो!"

रसिकाने मला उचलून जागेवर बसवलं. मग तिचा हात घुटमळला. "थोडासा कमी करू का? फार जोरात बसेल..."

"रसिका!" सासू-सासरे एकदमच ओरडले.

सलोनी आजोबांच्या मांडीवर चढली. पहिलं वळण. दुसरं. आलं, आलं, तिसरं आलं! सुधाकरांनी पाय उचलला नाही. धाडकन! स्टीअरिंग हातात उसळलं, पडद्यावरचा रस्ता नाहीसा झाला आणि आभाळच आभाळ!

"आजोबा, ये क्या था?"

"गचका, बाळा."

"गचका!" शब्द तिच्यासाठी नवा कोरा होता. "फिर से गचका! प्लीज, फिर से!"

सुनेत्राबाईंच्या मांडीवरचे मटार घरभर झाले होते. "इतकी वर्षं तुम्हाला थापाड्या म्हणत आले मी," त्या हळूच म्हणाल्या.

"अजूनही म्हण. पण आधी ये, बस इथे."

त्या बसल्या. त्यांनीही पाय उचलला नाही. काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर उडी ती!

तिकडे धावपट्टीवरचा रस्ता रुंद व्हायचाय. माझ्यापासून चार पावलांवर रोलर येऊन उभा आहे. आधी त्याच्याकडे बघून माझं डांबर गार पडायचं. आता येऊ दे त्याला. इकडे गेममध्ये मी राहायला आलोय. टीपॉयच्या एका कोपऱ्याची टोपी सलोनीने परवा काढून टाकली. रसिकाने ती उचलली, कोपऱ्यापर्यंत नेली, आणि मग खणात ठेवून दिली.

उद्या तुमच्याही घरी येईन. एकच विनंती. तिसऱ्या वळणावर मी दिसलो की ब्रेकवर पाय नेऊ नका, आणि कुणी आजी-आजोबा शेजारी असतील तर त्यांनाही एक फेरी द्या. ओरडायचं काय, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.