रुपाबाईचा लिफाफा

पोस्टमननं दिलेला जाड लिफाफा सायलीनं फोडला. दुसरं पान वाचता वाचता ती थांबली.

"आई, हे एफडी नाई. विम्याची पॉलिसी हाये. दरवर्षी दोन लाख, दहा वर्षं भराचे."

आवडाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. वाशीमलगतच्या दीड एकर मळ्यात वांगी-मेथी पिकवून, चार वर्षं बाजारात बसून तिनं दोन लाख साठवले होते. सायलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. नणदेचा मुलगा मुकेश बँकेत होता. तोच घरी येऊन सह्या घेऊन गेला. एफडीच हाये मामी, व्याज तेवढं जास्त, असं म्हणत पोटभर जेवला होता.

"दुसऱ्या वर्षी नाई भरले तं?"

"मंग यातले बहुतेक बुडाले."

नवरा पुंजाजी म्हणाला, "आपलंच पोरगं हाये. तुह्या ऐकण्यात चूक झाली असंल."

आवडाबाईनं लिफाफा पिशवीत टाकला, सायलीला घेतलं आणि पहिल्या ऑटोनं बँक गाठली.

मुकेशनं दोघींना कोपऱ्यात बसवलं, चहा मागवला. आवडाबाईनं कप बाजूला सारला.

"मामी, हळू बोल. लोक ऐकून राह्यले."

"ऐकू दे. त्यायचीबी एफडी हाये का पॉलिसी, त्यायले समजू दे."

सायलीनं पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. "तीस दिवसांत परत करता येते, असं लिहिलं हाये. तुमाले माहीत होतं ना, दादा?"

मुकेशनं पान बाजूला सरकवलं. "महिनाअखेर होती. टार्गेट बाकी होतं. साहेब सगळ्यायसमोर उभं करतात, मामी."

"म्हणून मीच सापडली?"

"बाकीचे कागद वाचतात, दहा गोष्टी इचारतात. तू इचारणार नाई, माहीत होतं."

पैशाचा राग एकीकडे, पण आवडाबाईच्या विश्वासाचा यानं असा हिशेब लावला होता. "कागद घे," ती म्हणाली. "परतीचा अर्ज तूच लिही. मी वाचून सही करीन."

पोचपावतीवर शिक्का घेऊनच ती उठली. दारात तिला आठवलं, बाजारात शेजारी बसणाऱ्या रुपाबाईला पैसे ठेवायला तिनंच मुकेशकडे पाठवलं होतं. दोघी तशाच तिच्या घरी गेल्या. रुपाबाईचा लिफाफा कपाटात न फोडलेला होता. आत तसलीच पॉलिसी. लिफाफा येऊन पाच महिने झाले होते, तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती.

"माह्या नावावर इश्वास ठेवला होता तू," आवडाबाई म्हणाली, आणि त्याच दिवशी बँकेच्या वरच्या ऑफिसला रुपाबाईची लेखी तक्रार गेली. मुकेशचं पूर्ण नाव घालून.

संध्याकाळी नणदेचा, धुरपताबाईचा फोन आला. "भाच्याची नोकरी खाशील का? तुहे पैसे तं येऊन राह्यले."

"रुपाबाईचे कोण देईल? तू?"

पलीकडून फोन ठेवला गेला. तेव्हापासून नणंद दारात आलेली नाही. पुंजाजीही आठ दिवस धड बोलला नाही.

तीन आठवड्यांनी आवडाबाईचे पैसे आले, दोनेक हजार कापून. ते तिनं पोस्टात ठेवले. सही करण्याआधी सायलीकडून प्रत्येक ओळ वाचून घेतली, मागची रांग कुरकुरली तरी. रुपाबाईच्या तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. दर सोमवारी आवडाबाई तिला घेऊन बँकेत जाते. मुकेश काचेआडून उठून आत निघून जातो, आणि आवडाबाई साहेबांसमोरची खुर्ची ओढून बसते.