घरोघर जाणारा पलंग

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पलंग आहे. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते, तसला, दवाखान्यातला.

जालन्याच्या एका शेडमध्ये मला जोडलं, पांढरा रंग दिला. बरीच वर्षं मी एका खासगी दवाखान्यात होतो. पेशंट बरे व्हायचे आणि मागे न बघता घरी जायचे. पुढे बटणावर चालणारे पलंग आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

तिथून मला नंदाबाईंनी मागून नेलं. त्या बदनापूरच्या निवृत्त नर्स. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलेल्या माणसांकडे त्या जातात. दुखणं कसं कमी करायचं, कूस कशी बदलायची, हे घरच्यांना शिकवतात. तेव्हापासून माझ्यावरून कुणी बरं होऊन उठलेलं नाही. लोक मला अशुभ म्हणतात. आता मला त्याचं काही वाटत नाही.

अप्पाराव जवळच्याच एका खेड्यातले निवृत्त शिक्षक. त्यांचा कॅन्सर फार पुढे गेला होता. मला टेम्पोतून उतरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नी बेबीनंदा दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“हा पलंग माझ्या घरात न्हाई पाहिजे.”

“सरांना आडवं पडलं की दम लागून राह्यला,” नंदाबाई म्हणाल्या. “आजच्या दिवस बसून तर पाहू द्या.”

दांडा फिरला, अप्पारावांचं डोकं वर आलं आणि श्वास जरा मोकळा झाला. बेबीनंदांनी उशी आणून त्यांच्या पाठीशी लावली.

घरात सगळे त्यांना ‘बरे होताल’ म्हणायचे. पुण्याहून आलेला मुलगा बुद्धभूषणही तेच म्हणायचा, तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणायचा. अप्पाराव ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. एका दुपारी त्यांनी बायकोचा हात धरला.

“बेबी, मी जाऊन राह्यलो न?”

त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका, असं नंदाबाईंनी सांगून ठेवलं होतं. बेबीनंदांचा दुसरा हात माझ्या कडेवर आवळला.

“हो,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडल्या.

“मंग बोलून घेऊ. इतके दिवस मी एकटाच भिऊन राह्यल्तो.”

त्यानंतर ते भिंतीकडे वळले नाहीत. पुण्याच्या दवाखान्याचं नाव काढू नको, असं त्यांनी मुलाला बजावलं. स्वतःच्या लग्नात वऱ्हाडाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला होता, ते आठवून दोघं नवरा-बायको हसली. श्वास थांबला तेव्हा बेबीनंदा माझ्यावरच, त्यांच्याशेजारी बसल्या होत्या.

त्यांच्या मागे करायचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. बेबीनंदा मात्र रोज माझी चादर बदलत राहिल्या. मुलाने मला परत पाठवायचं म्हटलं की चिडायच्या.

“राहू द्या. घाई न्हाई,” नंदाबाई म्हणायच्या. त्या येऊन बसायच्या, चहा घ्यायच्या आणि अप्पारावांच्या त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकायच्या.

मग शहागडहून नंदाबाईंना निरोप आला. तिथल्या एका दुर्गाबाईंचे यजमान शेवटच्या दुखण्यात होते. बेबीनंदांनी मला स्वतः पुसलं आणि टेम्पोत स्वतःही बसल्या. तिकडे दुर्गाबाई नवऱ्याला हात लावायलाही घाबरत होत्या.

“जवळ बसा,” बेबीनंदा म्हणाल्या. “मीबी भेल्ते. काय बोलावं ते सुचत न्हाई, तर नका बोलू.”

दुर्गाबाई माझ्या कडेवर टेकल्या.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना गंज चढतो आहे. अधूनमधून तेल घाला. पण आधी माझ्यावर जो निजला असेल, त्याच्यापाशी जाऊन बसा. दोघांचं वजन मला पेलतं.