मधली मोकळी जागा

देवाने सूर्य सगळ्यांना सारखाच दिला, पण आमच्या वाट्याला प्लॉट आला तो बोळासारखा. मी आणि हे, दोघं हात पसरून शेजारी शेजारी उभे राहिलो की रुंदी संपली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची उंच घरं, त्यामुळे खिडकी काढायची ती पुढे, नाहीतर मागे. नकाशा आमच्या थोरलीचा. ती आर्किटेक्ट आहे.

"बघू, लेक काय उजेड पाडते ते," हे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मला हसू येत नव्हतं. थोरलीने घराच्या ऐन मध्यावर, खालपासून छतापर्यंत, जागा मोकळी सोडली होती. वर काच, म्हणजे उजेड थेट स्वयंपाकघरात उतरणार. आणि नेमकी तिथेच, वरच्या मजल्यावर, मला धाकट्याची खोली हवी होती. नोकरीपायी तो लांब गेलेला. परत येईल, म्हणून तर घराचा घाट.

"आला की हॉलमध्ये झोपेल की," थोरली म्हणाली.

"पाहुणा आहे का तो?"

"पाहुणा निदान कळवून येतो," हे पेपराआडून म्हणाले.

खालच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. सोमवारी स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या लागणार, म्हणजे मधली जागा झाकायची की सोडायची ते त्याआधी ठरायला हवं. थोरलीने माझ्या म्हणण्याप्रमाणे मध्ये खोली घालून पुठ्ठ्याचं छोटं घर केलं, गॅलरीत उन्हात ठेवलं आणि म्हणाली, "वरच्या खिडकीतून बघ."

मी डोळा लावला. पुढे उजेड, पार मागे उजेडाची एक पट्टी, मध्ये काळोख.

"ती त्याची खोली," ती म्हणाली.

"दिवा लावेल तो."

"दिवसा?"

"लावेल."

तिने वाद घातला नाही. एरवी माझ्याशी तासन्‌तास भांडणारी पोर गप्प राहिली, आणि तेच मला टोचलं.

मग कशातच जीव लागेना. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. देवापुढे बसले, ओठांवर त्याचं नाव, मनात मात्र धाकट्याची कॉट कुठल्या भिंतीला लावायची तेच. उठले, पुन्हा बसले. शेवटी फोन लावला.

"येणार आहेस ना रे?"

"येईन की, सुट्टी मिळाली की."

"सुट्टीचं नाही विचारत. राहायला."

मग तो हळूच म्हणाला, "आई, मी इथेच घर बघतोय. ताईला बोललो होतो. तुला सांगायचा धीरच होत नव्हता."

म्हणजे तिला ठाऊक होतं. एका वाक्यात जिंकली असती, पण बोलली नाही.

तोंडून निघालं, "उजेड आहे का त्या घरात?"

"तसं बघितलं नाही गं."

"मग बघ. भर दिवसा सगळे दिवे बंद करून मधल्या खोलीत उभा राहा. आणि मगच हो म्हण."

फोन ठेवला. थोरली दारातच उभी होती.

"सोमवारी सांग सेंट्रिंगवाल्यांना," मी म्हणाले, "मध्ये झाकू नका म्हणावं."

"सगळं सोडू? की अर्धी खोली..."

"अर्ध्या खोलीत कोण राहणार आहे? सगळं सोड."

ती पेन्सिल घेऊन बसली. मी तिच्या खुर्चीमागे उभीच राहिले. बसवतच नव्हतं.