तिसरा नकाशा

पांढुर्ण्याची हिमानी आणि सौंसरचा प्रफुल्ल मिळून एक प्लगिन बनवत होते. दुकानदाराने तो आपल्या वेबसाइटला जोडला की गिऱ्हाइकाला फोनवर नकाशा दिसायचा. पण नकाशे पुरवणाऱ्या कंपन्या डझनभर, आणि रोज कोणी ना कोणी काहीतरी बदलायचं. सगळ्यांच्या मागे धावणं दोघांना जमणारं नव्हतं. म्हणून तीन नकाशे महिनाभर चालवून बघायचे आणि नीट चालतील तेवढे ठेवायचे, असं ठरलं. चाचणीसाठी मिळाली जामसांवलीच्या रस्त्यावरची प्रेमलताबाईंची नर्सरी. तिथं संत्र्याची कलमं विकायची होती.

दोन नकाशे गिऱ्हाइकाला थेट नर्सरीच्या फाटकाशी आणायचे. तिसरा मात्र अर्धा किलोमीटर अलीकडे, गुणवंताजी नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात नेऊन सोडायचा.

महिना भरत आला तसा हिमानीला प्रेमलताबाईंचा फोन आला. "तिसरा काढून टाक वं. थो गुणवंता माह्या गिऱ्हाइकाले चहा पाजून राहिला, अन् मागच्या साली माही कलमं वाळली, थे सांगून राहिला."

"आजच काढते, काकू."

काढण्याआधी एकदा बघावं म्हणून हिमानी स्कूटी घेऊन तिसऱ्या नकाशाच्या भरवशावर निघाली. त्यानं तिला बरोबर अंगणात पोचवलं.

"नर्सरी ना? बस बेटा," खाटेवरून गुणवंताजी म्हणाले. आत बायकोला हाक गेली, "शांता, एक चहा वाढव."

आपण कोण आणि का आलो ते हिमानीने सांगितलं.

"म्हंजे बंद करशीन? पोरं पुन्याले. इकडं कोनी फिरकत नव्हतं. आता मुलताईचे येतेत, नरखेडचे येतेत."

"पण काकाजी, कलमं वाळल्याचं का सांगता?"

"वाळली त वाळली. तिनं सगळ्याइले बदलून देल्ली, थे बी सांगतो ना."

तेवढ्यात बैतूलकडचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला. त्याचा चहा झाल्यावर गुणवंताजी त्याला बांधावरून नर्सरीत सोडायला निघाले. हिमानीही मागोमाग गेली.

गुणवंताजींना बघताच प्रेमलताबाईंनी पदर खोचला. त्या काही बोलणार, तोच शेतकरी म्हणाला, "कलम वाळलं त तुमी बदलून देता म्हने. मंग दोनशे द्या."

बाई तशाच कलमं मोजायला वळल्या. कलमं मोजून झाल्यावर त्या हिमानीला म्हणाल्या, "राहू दे तिसरा. पन याले सांग, चहाले इतका येळ नको लावू."

"चहा त उकळाच लागते," गुणवंताजी म्हणाले.

संध्याकाळी प्रफुल्ल ठेवायच्या नकाशांची यादी भरत होता. "तिसऱ्यावर नर्सरीची खूण चुकीची, तरी ठेवला. कारण काय लिहू?"

हिमानीने विचार करून स्वतःच टाइप केलं: 'स्थानिक मार्गदर्शन उपलब्ध.'

"म्हणजे काय?"

"एकदा जाऊन ये," ती म्हणाली. "पण घरून चहा पिऊन नको जाऊ."