बाबू जागेवर आढळले नाहीत

'बाबू जागेवर आढळत नाहीत' असा शेरा मोठ्या साहेबांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच दौतीतल्या शाईने लिहिला, तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा होतो. साहेब आल्यावर बाबू उभा राहणार नाही तर काय करणार? पण हे विचारायची सोय नव्हती. त्याच्या आधीच्या दौऱ्यात मी व्हरांड्यात येरझारा घालताना सापडलो होतो आणि त्याच्याही आधी आवारातल्या मोहाच्या झाडाला पाठ घासताना. असे तीन शेरे झाले. जाताना साहेब म्हणाले, "गुणवंतराव, पावसाळा संपला की मी पुन्हा येईन. तेव्हाही जागेवर दिसला नाहीत, तर पार टोकाच्या सिरोंच्याला बदली समजा."

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आलापल्लीच्या जंगलातल्या एका रेंज ऑफिसात मी बाबू होतो. जंगलातून सागवान किंवा बांबू घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीला पास लागतो आणि तो पास मी लिहितो. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जाणारा बांबू माझ्या सहीशिवाय नाका ओलांडत नसे. एवढा मोठा अधिकार, पण तो बसून चालवायचा होता, आणि बसलं की अर्ध्या तासात माझी कंबर अशी धरायची की उठून चार फेऱ्या मारल्याशिवाय डोळ्यांपुढचं अक्षर दिसत नसे.

घरी येऊन शेऱ्याचं सांगितलं. रंभा, म्हणजे आमची मंडळी, अंगणात सीताफळाच्या झाडाला पाणी घालत होती. तिने लोटा खाली ठेवला.

"मूल गावाले जाम लावला, तो दुसऱ्या बाबूच्या पोरायनं खाल्ला. ब्रह्मपुरीले लिंबू लावला, तोई गेला. बारा वर्सांत पाच बदल्या झाल्या तुमच्या. माह्या हातच्या झाडाचं एक फळ माह्या तोंडात नाई पडलं." तिने फांदी खाली ओढून मला हिरवी फुलं दाखवली. "हे पाहा. औंदा पहिल्यांदा आला हाये फुलोरा. तुमी खिळे ठोकून बसा नाईतर दोरीनं बांधून बसा, पन बसा!"

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही, पुन्हा पाणी घालू लागली. मला माझीच लाज वाटली.

दोष खुर्चीचा होता हे मला पूर्वीपासून माहीत होतं. इंग्रज साहेब गेले, ते डाकबंगल्यातली एक खुर्ची आमच्या ऑफिसला ठेवून गेले. ज्या कोणासाठी ती केली होती, तो साडेसहा फूट उंच आणि किडकिडीत असावा. माझे पाय जमिनीला लागत नसत. दोन्ही बाजूंना हात असे की मधे अंग कोंबावं लागे. टेबलाखाली मी चपला काढून बसतो, आणि कोणी आलं की पुढे घसरून त्या पायाने चाचपून शोधायला जरा वेळ लागतो, म्हणून माणूस दारात असतानाच "थांबा!" असं ओरडायची मला सवय होती. लोक मला कडक समजत.

तर मी खुर्ची निवडायला निघालो. पहिली पाहिली शाळेतली. नानाजी मास्तर भला माणूस, त्यांनी लगेच उठून दिली. पण ती डावीकडे कलली होती. वीस वर्षं तिच्यात बसून मास्तरही डावीकडे कलले होते, आणि ते एकमेकांना शोभत होते. दुसरी होती बांबूच्या ठेकेदाराची कापडी आरामखुर्ची. तिच्यात बसताच कंबर सुखावली, डोळे मिटले, आणि जागा झालो तेव्हा ठेकेदाराने मला पांघरूण घातलं होतं. मग रजा टाकून मूलला गेलो. तिथल्या एका राईस मिलमध्ये फिरती खुर्ची होती. मालक म्हणाले, बसून पाहा. मी बसलो आणि कुणी हाक मारली म्हणून वळलो, तो वळतच राहिलो. परतताना एस.टी.त मला दोनदा ओकारी आली.

भाताची रोवणी संपली तरी खुर्ची ठरेना. तेव्हा रंभानेच इसरूचं नाव काढलं. इसरू आमच्यापासून दोन कोसांवरच्या गोंडांच्या गावात राहायचा. बैलगाड्या, नांगर, झोपायच्या बाजा, सगळं त्याच्या हातचं. त्याच्या हातची गाडी उलटली असं कोणी ऐकलं नव्हतं. मी त्याला बोलावलं, आणि एका कागदावर खुर्चीचा नकाशा काढून दिला. उंची अमुक इंच, रुंदी तमुक इंच, पाठीचा कोन असा. दोन रात्री जागून काढला होता. इसरूने कागद उलटा धरून आदराने पाहिला आणि पागोट्यात खोचला.

"तुमाले दोन दिवस पाहा लागीन, बाबू."

"मला काय पाहायचं? माप दिलं ना?"

"बैल पाह्यल्याबिगर मी जू करत नाई," इसरू म्हणाला. "कोनता खांदा खाली टाकते, कुठी घासते, चालतानी मान कशी धरते, ते पाहा लागते. जू चुकलं का बैल बसते खाली."

शिपाई हसला. त्याला मी कामाला पिटाळलं. चांदा जिल्ह्याच्या वनखात्यात अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला बैल म्हणणाऱ्या सुताराला खरं तर हाकलून द्यायला हवं होतं. पण अंगणातल्या झाडावर तेव्हा सुपारीएवढी अकरा फळं धरली होती. मी त्याला मागची खिडकी दाखवली.

दोन दिवस इसरू ऑफिसच्या मागच्या खिडकीपाशी उकिडवा बसून तंबाखू चोळत होता. पहिल्या दिवशी मला अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याला विसरलो. संध्याकाळी त्याने गाठी मारलेली एक दोरी माझ्या कमरेला, मांडीला लावून पाहिली आणि निघून गेला.

भाद्रपदात तो डोक्यावर खुर्ची घेऊन आला. ती पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पाय होते, पाठ होती, पण बसायची जागा बाजेएवढी रुंद, अंबाडीच्या दोरीने विणलेली, आणि गुडघ्यापेक्षा खाली. हात मुळीच नव्हते. सागवानाच्या जंगलात राहून लाकूडसुद्धा हलक्या शिवणीचं. शिपाई, नाकेदार, गाडीवाले, सगळे जमले. एकाने विचारलं, बाबूसोबत अजून कोण बसणार आहे?

"हे काय केलं?" मी ओरडलो. "नकाशा कुठं आहे माझा?"

इसरूने पागोट्यातून नकाशा काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग तो माझ्याजवळ आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"बाबू, मानूस आला का तुमी पाय खाली सोडता. गेला का वर घेता. पन त्या खुर्चीत मांडी मावत नाई, म्हनून एक गुडघा तिच्या हाताखाली खुपसता, आन् वाकडे होऊन लिवता. दिवसातून चाळीस येळा पाय खाली, चाळीस येळा वर. मी मोजलो. बैल असता तं मेला असता."

माझे वडील मालगुजाराकडे बैठकीवर बसून उतरत्या मेजावर लिहायचे. मीही तसंच शिकलो. चांद्याला नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हे ऑफिस आहे, भजनाची जागा नाही. पाय खाली!" तेव्हापासून अठरा वर्षं मी मांडी घालत होतो ती चोरून. बायकोलासुद्धा हे माहीत नव्हतं आणि या माणसाने दोन दिवसांत खिडकीतून पाहिलं. राग आला, आणि रागाच्या खाली कुठेतरी फार बरं वाटलं.

गर्दी पांगल्यावर मी मांडी घालून बसलो. गुडघे मोकळे राहिले. पाठ आपोआप सरळ झाली. टेबलाचे पाय इसरूने न विचारता करवतीने कापले, त्याची सरकारी नोंद मी अजून केलेली नाही. त्या दिवशी मी सकाळपासून जेवणापर्यंत सलग बसलो.

दसऱ्यानंतर रस्ते वाळले आणि साहेबांची जीप आली. मी पासांच्या गठ्ठ्यात इतका बुडालो होतो की मला आवाजही आला नाही. वर पाहिलं तर साहेब समोर. मी धडपडून उठलो. चपला सापडल्या नाहीत. साहेबांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि चाळीस मैलांच्या खड्ड्यांनी मोडलेलं अंग घेऊन सरळ तिच्यात बसले.

पुढे सरकून बसले तर पाठीला टेका मिळेना. मागे टेकले तर बूट जमिनीवरून उचलले जात. दोनतीनदा असं मागेपुढे झाल्यावर ते म्हणाले, "दार लावून घ्या."

संपलं, मी मनात म्हटलं. दार लावून घेतलं. वळून पाहतो तर साहेब बुटांच्या नाड्या सोडत होते. एक पाय वर गेला. मग दुसरा. मग त्यांनी असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"आमचे वडील शाळामास्तर होते," ते दाराकडे नजर ठेवून म्हणाले. "चटईवर बसून शिकलो मी. ऑफिसात पाय वर घेऊन तेवीस वर्षं झाली, गुणवंतराव. कुणाला सांगू नका."

मग त्यांनी तपासणी सुरू केली, आणि ती काही संपेना. एकेक कागद ते चवीने वाचत होते. मधे त्यांनी आवारात गाडीचं चाक दुरुस्त करायला आलेल्या इसरूला मागच्या दाराने बोलावून घेतलं आणि अशीच एक करून दे म्हणाले. इसरू म्हणाला, "करतो ना. पन साहेबाले दोन दिवस खिडकीतून पाहा लागीन. साहेबाले वाटलं पायजे का कोनी पाहून नाई राह्यलं." साहेबांनी तो विषय तिथेच सोडला.

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. बाबूला साहेबांनी कोंडलं, तीन तास झाले, असं शिपायाने घरी जाऊन सांगितलं. रंभाने काय समजायचं ते समजून घेतलं. अकरातलं सगळ्यात मोठं फळ तिने तोडलं, पदराखाली धरलं आणि ऑफिसचं दार ढकलून आत आली.

"साहेब, आता करा बदली," ती म्हणाली. "मी फळ तोडून आनलं हाये. हे इथंच खातो आन् मंगच गाडीत बसतो." एवढं बोलून झाल्यावर तिला साहेब दिसले. मांडी घातलेले, मोजे काढलेले.

साहेब ताडकन उठले. अनवाणी उभे राहिले आणि काय करावं न सुचून म्हणाले, "बाई, बसा."

रंभाने माझ्याकडे विचारायला पाहिलं नाही. बारा वर्षांत ती माझ्या ऑफिसात पहिल्यांदाच आली होती. ती बसली, पाय वर घेतले, आणि मांडीवर फळ फोडलं. साहेबांनी उभ्याउभ्याच शेऱ्याचं पुस्तक ओढलं आणि लिहिलं, 'बाबू जागेवर आढळले नाहीत. त्यांच्या जागेवर मी होतो. बदलीचे कारण दिसत नाही.' ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि बूट शोधायला टेबलाखाली वाकले.

रंभाचा हात थांबला. तिने पहिला घास तोंडात टाकला. आजवर घरात पहिलं वाढलेलं काहीही तिने माझ्याआधी खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. तिने तो घास कोणाला दिला नाही, आम्ही दोघे पुरुष अनवाणी उभे होतो तरीही. बराच वेळ ती चघळत राहिली. मग एकेक बी हातावर काढून ठेवली.

"कच्चं हाये," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. "बाकीचे दहा राहू द्या झाडावर. पिकू द्या. आपन इथीच हावो."