गार हातपाय

कराडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली, तेव्हा आम्रपालीचा एक पाय पायरीवर होता आणि एक खाली. मागनं कुणीतरी खेकसलं, "ओ ताई, एक तर चढा, न्हाईतर वाट द्या." ती चढली. जीव मात्र कुंडलला, घरीच राहिला.

सकाळी निघताना अपेक्षाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तीन वर्षांची पोर. गेल्या साली असाच ताप चढून तिला झटका आला होता, डोळे पांढरे झाले होते. सांगलीच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, आम्रपालीनं असे झटके कितीतरी हाताळलेले. पण स्वतःच्या पोरीच्या वेळी तिला औषधाच्या बाटलीचं झाकणही उघडेना.

आणि आज नेमकं साताऱ्यात प्रॅक्टिकल. नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी घ्यायची, तर एवढी एक परीक्षा उरली होती. पोरीला मांडीवर थोपटत, डबा खाताना पुस्तक पुढ्यात ठेवून ती इथवर आली होती. आज चुकलं तर वर्ष गेलं. शिवाय पुढच्या वर्षी सुट्टी मागायला येऊ नकोस, असं मेट्रनबाईंनी आधीच बजावलेलं.

नवरा मिलिंद पुण्याला कंपनीत. घरी सासू, बायडाबाई. आम्रपाली तिला आत्या म्हणायची. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटचं सगळं सांगून जाते, तसं तिनं निघताना आत्याला सांगितलं होतं. औषध कधी द्यायचं, पाणी कसं पाजत राहायचं, आणि काही झालं तरी पोरीला गोधडीत गुंडाळायचं नाही.

"व्हय, व्हय," बायडाबाई म्हणाली होती. "मिलिंदाला म्या वाढीवलाय. का त्यो दवाखान्यातनंच मोठा हून आला?"

उंब्रज गेल्यावर आम्रपालीनं फोन लावला.

"आत्या, गोधडी काढलीया नव्हं?"

"व्हय गं, काढलीया. ठिव आता, पोरगी उठंल."

हे 'व्हय' फार चटकन आलं होतं. आम्रपाली खिडकीबाहेर बघत राहिली, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात परीक्षक मॅडमनी तिच्या वाट्याला दिला शंभूराज, पाटणकडचा तापाचा पोरगा. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पोराच्या अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वर घोंगडं. उशाशी त्याची आजी धोंडुबाई राखण बसल्यासारखी बसलेली.

आम्रपालीनं ताप पाहिला, नाडी मोजली, आणि आजीला पुस्तकात होतं तसं बिनचूक समजावलं. अंगातली उष्णता बाहेर पडायला हवी, जाड पांघरूण घालू नये, वगैरे.

"व्हय बाई," धोंडुबाई म्हणाली आणि घोंगडं बाजूला केलं.

आम्रपाली पलीकडच्या टेबलाकडे वळली, तोवर घोंगडं पुन्हा पोराच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मॅडमनी ते पाहिलं.

"सिस्टर, आजी हो म्हणाल्या आणि तुम्ही पुढं गेलात. मी जेवून येते. तोवर हे पोर मोकळं पाहिजे, आणि तेही आजींच्या मनानं. नाहीतर तुम्हाला पास कसं करू?"

व्हय बाई. व्हय गं. आम्रपाली तशीच व्हरांड्यात आली. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कुणी उचलेना. तिनं एप्रन काढून हातावर टाकला आणि ती गेटपर्यंत आली. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "स्टँड?" तेवढ्यात कानाशी धरलेल्या फोनमधून आवाज आला.

"काय गं सारखंसारखं?"

"आत्या, मी निघते. येतेच घरी."

"ये की! मग उद्यापास्नं तूच बघ तुझ्या लेकीला. भरवसा न्हाई, तर मी कशाला मरू हितं?" फोन कट.

रिक्षावाला वाट बघत होता. गेलं तरी घरी पोचायला दुपार उलटणार. परीक्षा बुडणार. पोरीचा ताप काही तिच्या धावण्यानं उतरणार नव्हता. आणि उद्या ड्यूटीला जाताना अपेक्षाला कुणाच्या ओटीत टाकायचं?

"न्हाई, दादा," ती म्हणाली आणि एप्रन चढवत मागं फिरली.

या खेपेला ती खाटेजवळ उभी राहिली नाही. स्टूल ओढून धोंडुबाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"आजी, खरं सांगा. का घालताय घोंगडं?"

"तुमी रागावशीला."

"न्हाई रागावत."

"हातपाय बघा की त्याचं. बर्फावानी गार पडल्यात. आमच्याकडं माणूस जाताना आधी हातपाय गार पडत्यात, बाई."

आम्रपालीनं धोंडुबाईचा खरबरीत हात धरला, आधी पोराच्या तळव्यावर ठेवला, मग स्वेटरखाली पोटावर.

"आगं बया! पोट तर चुलीवानी हाय."

"ताप चढताना असंच होतं. हातपाय गार, आत आग. पायात मोजे असू द्या. वरचं तेवढं काढूया. तुमी हात पोटावर ठिवून बघत बसा."

धोंडुबाईनं आपल्या हातानं घोंगडं काढलं, घडी केली आणि त्यावर स्वतःच बसली. पोरानं मोकळे झालेले हात झाडले.

आम्रपाली पुन्हा व्हरांड्यात. तिनं घरी फोन लावला.

"आत्या, ठिवू नगा. एवढंच सांगा, तिचं हातपाय गार हायत का?"

"लय गार हायत," बायडाबाई हळूच म्हणाली. "म्हणून तर गुंडाळलीया. तू चिडशील म्हणून न्हाई बोलले."

"न्हाई चिडत. तिच्या पोटाला हात लावा."

गोधडी सरकल्याचा आवाज आला. "आगं बाई, हे तर लय तापलंया गं."

"मोजे घाला. बाकी सगळं काढा. आन अंग पुसा, कोमट पाण्यानं. झटक्यासारखं काय वाटलं तर—"

"तर कुशीवर निजवायची, तोंडात काय घालायचं न्हाई आन शेजारच्या नानासोची गाडी बोलवायची. सांगितलंयस की. जा तू, तुझ्या बाई खोळंबल्या असतील."

खरंच मॅडम आल्या होत्या. त्यांनी पोराकडं पाहिलं, धोंडुबाईकडं पाहिलं, आणि विचारलं, "समजा, घरी गेल्यावर आजींनी पुन्हा गुंडाळलं. मग?"

"गुंडाळतील, मॅडम," आम्रपाली म्हणाली. "मग पुन्हा विचारायचं, का म्हणून."

खिशात फोन थरथरायला लागला. मॅडमचे प्रश्न चालूच होते. फोन थांबला. पुन्हा थरथरला. आम्रपालीनं एकेक उत्तर दिलं; नंतर कुणी विचारलं असतं, तर त्यातलं एकही तिला आठवलं नसतं.

बाहेर येताच तिनं फोन लावला.

"घामेजली गं पोरगी," बायडाबाई म्हणाली. "पोट निवलंय. खायला खिमट मागतीया. झालं का तुझं?"

"झालं. पण आत्या, संध्याकाळी परत चढंल हां."

"चढंल तवा बघू. तू ये सावकाश."

कराडच्या गाडीत मागं जागा रिकामी होती, तरी आम्रपाली दाराजवळच दांडा धरून उभी राहिली.

"ताई, बसून घ्या," कंडक्टर म्हणाला. "तुमी उभं राहिल्यानं गाडी काय लवकर जायची न्हाई."

ती बसली. नागठाण्यापर्यंत. कराड अजून लांब होतं, तरी ती पुन्हा दांडा धरून उभी राहिली.